पैसे म्युझियम बोर्डाचे, आत हार्डबोर्ड

आमच्या घरी रविवर्मा प्रेसचे लक्ष्मीचे एक ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे छापील चित्र, आहे. 1894 साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीला गेला आणि त्याची चित्रे इतक्या घरांत पोहोचली की, नुसते छापील चित्र म्हणून त्याचे फारसे अप्रूप नाही. आमच्या चित्रात मात्र लक्ष्मीच्या साडीवर आजीने खरे रेशीम, जर आणि टिकल्या स्वतः लावलेल्या आहेत.

जुनी चौकट खिळखिळी झाल्यामुळे ते पुण्यातील एका फ्रेमवाल्याकडे दिले. त्याने आम्लविरहित सुती म्युझियम बोर्ड, अतिनील किरण अडवणारी काच आणि टिकल्या काचेला टेकू नयेत म्हणून मध्ये अंतर ठेवणारी पट्टी, असे सारे नमुने दाखवून साध्या फ्रेमच्या कित्येक पट दर घेतला. पावतीवर मात्र ‘स्पेशल फ्रेमिंग’ एवढेच लिहिले. त्याची सारी चलाखी या दोन शब्दांत होती, कारण पाठ ब्राऊन टेपने बंद झाल्यावर आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही.

पावसाळ्यात चित्रावर बुरशीचे ठिपके आले, म्हणून एका संवर्धकाकडून पाठ उघडून घेतली. आत हार्डबोर्ड होता आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, साध्या लगद्याचा होता. जे चित्र जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी व गव्हाच्या खळीने, म्हणजे पुन्हा सोडवता येईल असे टांगायला हवे, ते लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने सबंध चिकटवलेले होते. मधली पट्टी नव्हतीच. काही टिकल्या काचेबरोबर निघून आल्या. सर्वांत संतापजनक म्हणजे चित्र मापात बसावे म्हणून छापखान्याचे नाव असलेला खालचा समास कापून टाकला होता. जाब विचारल्यावर ‘सगळीकडे असेच करतात’ हे उत्तर मिळाले, तेही शांतपणे.

ज्यांना असे काम करून घ्यायचे असेल, त्यांनी बोर्ड, काच व चिकटवण्याची पद्धत पावतीवर स्वतंत्रपणे लिहून घ्यावी, चित्राची दोन्ही बाजूंनी, समासासह छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पाठ आपल्यासमोरच बंद करायला सांगावी. आम्लता तपासण्याचे पेन माउंटच्या तुकड्यावर ओढले की रंगावरून बोर्ड आम्लयुक्त आहे का ते कळते. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याचा प्रकाश काचेतून नोटेवर पाडला आणि क्रमांकाची चमक काचेशिवाय दिसते तितकीच राहिली, तर ती काच साधी समजावी.

संवर्धकाचा लेखी अहवाल जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. भरलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. तक्रार मात्र 2 वर्षांच्या आत करावी लागते.