बेसचा कॉम्बो अ‍ॅम्प, वर्षभरानंतर: वॅट भरपूर, स्विच एक कमी

सेवा केंद्राने माझा बेस कॉम्बो, म्हणजे बेस गिटारसाठी अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेले यंत्र, ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत केला आणि त्या शेऱ्याचे शुल्कही घेतले. तेवढ्या पैशांत तारांचा एक नवा संच आला असता. त्यामुळे बरेच महिने रेंगाळलेला हा वापरानंतरचा अनुभव आता लिहून काढत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मी लिहिणार आहे ती एकाच कंपनीची मक्तेदारी नाही. कॉम्बोचा वर्ग मात्र सांगतो: क्लास-डी पॉवर, बारा इंची स्पीकर, वर उंच सुरांसाठी एक छोटा ट्वीटर, ३०० वॅटचा दावा आणि साधारण चौदा किलो वजन. बेस वाजवणाऱ्यांना यावरून पुरेसा अंदाज येईल.

आमचा बँड नोकरदारांचा आहे. पुण्यातल्या सोसायट्यांचे गणेशोत्सव, नवरात्रातले कार्यक्रम, कंपन्यांची स्नेहसंमेलने आणि अधूनमधून एखाद्या लग्नातले संगीत, एवढाच आमचा पसारा. मानधन मिळते तेव्हा ते टेम्पो आणि सरावाच्या खोलीच्या भाड्यात विरघळते, म्हणून कोणतीही वस्तू घेताना ती मला एकट्याला जिन्यावरून उचलता येईल का आणि ती बिघडल्यास कार्यक्रम बुडेल का, हे दोनच प्रश्न मी विचारतो. त्यातला पहिला प्रश्न या कॉम्बोने निकालात काढला. पूर्वीचा जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प ट्रान्सफॉर्मरमुळे इतका जड होता की ड्रमरची मनधरणी केल्याशिवाय तो जागचा हलत नसे. हा कॉम्बो मी एका हाताने उचलतो, दुसऱ्या खांद्यावर बेस असतो आणि रिक्षात दोन्ही वस्तूंसह मी स्वतःही मावतो. टेम्पोवाल्याची वाट न पाहता घरी परतता येणे हा माझ्या दृष्टीने कोणत्याही ध्वनिगुणाइतकाच मोठा गुण आहे.

३०० वॅटविषयी थोडक्यात. हा आकडा ४ ओहमच्या भारावर मिळतो, आणि आतला स्पीकर ८ ओहमचा असल्यामुळे दुसरे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचे वेगळे खोके, जोडल्याशिवाय प्रत्यक्षात २०० वॅटच्या आसपासच हाती लागतात. पहिले काही आठवडे मला याचा राग होता, पण २०० आणि ३०० वॅटमधला फरक कानाला पावणेदोन डेसिबलपेक्षा जास्त भासत नाही, आणि तेवढ्यासाठी दुसरे कॅबिनेट घेऊन ते वाहून नेणे मला परवडणारे नाही. शिवाय ऐकणाऱ्यांपर्यंत माझा बेस कॉम्बोतून नव्हे, तर साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरांतून पोहोचतो; कॉम्बोचे काम मला आणि ड्रमरला ऐकू येण्यापुरतेच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशी तेवढी बारापर्यंत मुभा असते, आणि साडेनऊपासूनच सोसायटीचे सचिव मनगटावरचे घड्याळ दाखवत मंचासमोर उभे राहतात. अशा परिस्थितीत अधिक वॅटची हौस कोणासाठी करायची?

आता मूळ विषय. कॉम्बोच्या मागे मिक्सरला लाइन, म्हणजे बेसच्या आवाजाचा सिग्नल, देण्यासाठी तीन पिनांचा एक्सएलआर सॉकेट आहे. त्याच्या शेजारी ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचा एक छोटा स्विच असायला हवा होता, आणि तो नाही. ट्वीटर बंद करण्यासाठी स्विच आहे, जो मी पहिल्या दिवशी खाली पाडला आणि पुन्हा हलवला नाही. फोन जोडून गाणी लावण्यासाठी सॉकेट आहे. समोरच्या पट्टीवर निळा दिवाही आहे, ज्याचा उपयोग डासांना असावा. पण ज्या स्विचवाचून मंचावर अडते, तो गाळला आहे.

झाले असे की सोसायटीतल्या पहिल्याच कार्यक्रमात साउंड चेकच्या वेळी मिक्सरवरच्या मुलाने हात वर करून सांगितले, “दादा, तुमच्या लाइनला हम येतोय.” मी बेसचा आवाज शून्यावर नेला, तरी सभागृहाच्या स्पीकरांतला हम, म्हणजे सतत घुमणारी गुणगुण, तसाच राहिला, आणि माझा कॉम्बो मात्र स्वच्छ शांत होता. बेसच्या तारांची कंपने टिपणाऱ्या पिकअपमधून येणारा हम आवाजाची कळ खाली नेली की जातो आणि वाद्य हातात फिरवले की कमीजास्त होतो. हा तसा नव्हता. एक्सएलआरची वायर उपसली की तो गायब होत असे आणि पुन्हा लावली की परत येत असे. याचा अर्थ दोष वाद्यात नव्हता, कॉम्बोतही नव्हता. तो दोन यंत्रांच्या जोडणीत होता.

कॉम्बोला मंचावरच्या तीन पिनांच्या सॉकेटमधून अर्थिंग मिळते आणि मिक्सरला सभागृहाच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटमधून. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगच्या विद्युत दाबात किंचित फरक असतो, कधी त्या फरकापेक्षाही मधल्या लांब वायरभोवतीची चुंबकीय क्षेत्रे जास्त उपद्रव करतात, आणि एक्सएलआरच्या पहिल्या पिनेला जोडलेले वायरचे जाळीदार आवरण हे वर्तुळ पूर्ण करते. त्या वर्तुळातून वाहणारा प्रवाह हमच्या रूपाने ऐकू येतो. ग्राउंड लिफ्टचा स्विच फक्त पहिल्या पिनेची जोडणी तोडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवरून संगीत जात राहते. आमच्या कीबोर्डवादकाचे वाद्य दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर चालते, त्यामुळे त्याच्याकडून हे वर्तुळ पूर्णच होत नाही, आणि “माझ्याकडे कधी येत नाही बुवा,” असे तो ज्या सुरात म्हणतो तो सुर मला आता पाठ झाला आहे.

बेसवाल्याला या हमचा त्रास इतरांपेक्षा जास्त का होतो, हे ज्यांनी अनुभवले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. बेसच्या सर्वांत जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला (पडद्याला) जो जी वाजतो, म्हणजे आपल्याकडची पांढरी पाच, त्याची कंपनसंख्या ४९ आहे. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला एक असा हेलकावा ऐकू येतो. वरच्या सप्तकातला जी ९८ हर्ट्झचा आणि हमचा दुप्पट सूर १०० हर्ट्झचा, त्यामुळे तिथे सेकंदाला दोन हेलकावे. आमच्या गायिकेची बरीच गाणी नेमकी पांढरी पाचमध्ये आहेत. षड्जावर थांबून मोठा सूर धरावा आणि तो आपलाच सूर डगमगत असल्यासारखा ऐकू यावा, यासारखा मनस्ताप नाही. एकदा तर गिटारवाल्याने गाणे चालू असतानाच मला ट्यूनरकडे बोट दाखवले. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर विजेची कंपनसंख्याही थोडी इकडेतिकडे होते आणि हमही तिच्याबरोबर सरकतो.

अशा वेळी मंचावर मिळणारा सर्वांत लोकप्रिय सल्ला म्हणजे “प्लगची अर्थ पिन काढून टाका.” हे कोणीही करू नये, असे मी शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत लिहितो. बेसच्या तारा त्या ज्यावर टेकतात त्या पुलामार्गे (ब्रिजमार्गे) वायरच्या आवरणाला आणि तिथून कॉम्बोच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. कॉम्बोत विजेचा दोष निर्माण झाला आणि अर्थिंग तोडलेले असेल तर तो दाब थेट माझ्या बोटांपर्यंत येईल, आणि त्याच क्षणी ओठ माइकला लागले तर शरीरातून वाट मिळेल. मांडवात माइकने ‘चावणे’ हा प्रकार विनोदाने सांगितला जातो. त्यात विनोद काही नाही. अर्थ पिन जिवासाठी आहे, हम घालवायचा तो ध्वनीच्या वायरीत घालवावा.

सेवा केंद्राशी झालेला वाद याच मुद्द्यावर होता. मी लेखी कळवले की हम दुसऱ्या सॉकेटवरच्या मिक्सरला जोडल्यावरच येतो. त्यांनी कॉम्बो एकटा टेबलावर ठेवून लावला, तो अर्थातच शांत राहिला, आणि त्यांनी दोष नसल्याचे प्रमाणपत्र दिले. त्यांच्या तपासणीला खोटे म्हणता येत नाही. पण विचारलेला प्रश्न न वाचता दिलेल्या उत्तराचे पैसे मी का द्यावेत, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. “सर, या मॉडेलला ते फीचरच नाही,” असे शेवटी फोनवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले. हे वाक्य शुल्क घेण्याआधी सांगितले असते तर मी आभार मानले असते.

उपाय अखेर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत सापडला. तिथून एक नर आणि एक मादी एक्सएलआर कनेक्टर आणि वीतभर दोन पदरी शिल्डेड वायर आणली. घरी सोल्डर करून दुसरी आणि तिसरी पिन सरळ जोडली आणि पहिली पिन एका टोकाला मोकळी सोडली. कॉम्बो आणि मिक्सरची वायर यांच्यामध्ये हा तुकडा लावला आणि पुढच्याच कार्यक्रमात हम ऐकू येईनासा झाला. खर्च मिसळीच्या दोन प्लेट इतका. या तुकड्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवणे आवश्यक आहे, कारण कंडेन्सर माइकला किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआयला (वाद्याचा आवाज मिक्सरकडे देणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या डब्याला) मिक्सरकडून मिळणारी ४८ व्होल्टची फँटम वीज पहिल्या पिनेवरूनच परतते. हा तुकडा कोणी अनवधानाने तिथे लावला तर माइक बंद पडेल आणि कार्यक्रमाच्या मध्यावर त्याचे कारण कोणाला सुचणार नाही.

इथपर्यंत माझे मत असे होते की चांगला कॉम्बो एका स्विचपायी वाया घालवला आहे. ते मत पुढे थोडे बदलले, आणि त्याचे श्रेय एका पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणाऱ्या, डीआय बॉक्सला आहे. लाल पट्टीच्या तुकड्याने हम गेला तरी दुसरी अडचण उरली होती: या कॉम्बोची लाइन टोनच्या कळांनंतर घेतलेली आहे. मंचावर मला नीट ऐकू यावे म्हणून मी मधले सूर वाढवले की सभागृहातला बेसही बदलत असे आणि मिक्सरवरचा मुलगा वैतागत असे. डीआय बॉक्समध्ये बेसची वायर आधी जाते. तिथून एक फाटा ट्रान्सफॉर्मरमधून मिक्सरकडे जातो आणि दुसरा जसाच्या तसा कॉम्बोकडे. ट्रान्सफॉर्मरमुळे ध्वनी चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, विद्युत जोडणी लागत नाही, आणि या छोट्या डब्याला ग्राउंड लिफ्टचा स्विच असतोच. माझा बेस अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला, असल्यामुळे त्याला पॅसिव्ह डीआयचा भार जाणवत नाही. पॅसिव्ह बेस असेल तर वरचे सूर थोडे बोथट होऊ शकतात आणि तिथे अ‍ॅक्टिव्ह डीआय बरा. वाद्यातली ९ व्होल्टची बॅटरी मात्र जॅक लावून ठेवला की झिजत राहते, म्हणून मध्यंतरात वायर उपसण्याची सवय लावून घेतली आहे.

डीआय आल्यापासून कॉम्बो मी फक्त स्वतःसाठी वापरतो आणि त्या कामात तो खरोखर चांगला आहे. त्याची मागची बाजू तिरकी कापलेली असल्यामुळे तो मंचावरच्या मॉनिटर स्पीकरसारखा आडवा कलता ठेवता येतो आणि आवाज गुडघ्यांऐवजी कानाकडे येतो. मांडवाचा मंच म्हणजे पोकळ फळ्या, त्यामुळे तिथे खालचे सूर आपोआपच घुमतात. मी बासची (खालच्या सुरांची) कळ मध्यापेक्षा खाली ठेवतो आणि ४०० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा वर घेतो. मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा आहे, आणि एवढ्या छोट्या खोक्यातून तो फारसा बाहेर पडत नाही. आपण ऐकतो तो मुख्यतः त्याचा ८२ हर्ट्झचा स्वरांश, आणि मेंदू उरलेले भरून काढतो. बासची कळ पूर्ण पिळून कमावायचे तिथे काही नसते, स्पीकरचा कागद मात्र थरथरत राहतो. घरी रात्री हेडफोन लावून सरावही होतो, फक्त त्यात पंख्याचा आवाज ऐकू येतो. त्याबद्दल सेवा केंद्राला लिहिण्याची माझी इच्छा उरलेली नाही.

घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर आहे: डीआय बॉक्सची किंमत कॉम्बोच्या किमतीत आधीच मिळवून मग इतर मॉडेलांशी तुलना करावी. ज्या मॉडेलच्या मागे ग्राउंड लिफ्ट आणि टोनच्या आधी-नंतर लाइन निवडण्याचा स्विच असे दोन्ही आहेत, ते थोडे महाग असले तरी हिशेबात पुष्कळदा स्वस्त ठरेल. दुकानात वाजवून पाहताना हम कळणार नाही, कारण तिथे सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असते. म्हणून बेस वाजवण्याआधी खोके फिरवून पाठ पाहावी. माझ्या कॉम्बोवरची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते, आणि तपासणी शुल्क परत मागणाऱ्या माझ्या दुसऱ्या पत्राला अजून पोच आलेली नाही.