रबाळे एमआयडीसीतलं बिनपाटीचं गॅरेज: पडलेली आर१५ दिली, स्ट्रीटफायटर करून आणली

स्ट्रीटफायटर म्हणजे किट काढून टाकलेली, रुंद हॅन्डलची उघडी गाडी. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगतो. मेकॅनिकल काम एक नंबर, वायरिंग त्याहून भारी, पेंट ठीकठाक, आणि वेळेच्या बाबतीत भोपळा. गाडी रील टाकायला बनवायची असेल तर इथे जाऊ नका, वैताग येईल. पडलेली गाडी परत सरळ चालायला हवी आणि किटवर, म्हणजे अंगावरच्या प्लॅस्टिकच्या कवचावर, पैसे घालायची इच्छा नसेल तर मात्र डोळे झाकून द्या.

गाडी म्हणजे यामाहा आर१५ व्हर्जन ३, २०१८ ची, रेसिंग ब्लू, एबीएस यायच्या आधीची. मूळ माझ्या मावसभावाची. महापे-शिळफाटा रोडला कुठल्या तरी ट्रकचं डिझेल सांडलेलं, त्यावरून घसरली, भाऊ खरचटण्यावर सुटला पण गाडी उजव्या अंगावर घासत जाऊन डिव्हायडरला टेकली. उजवं किट गेलं, डूम फुटला, क्लिपऑन (आखूड, खाली बसलेलं हॅन्डल) वाकला, मीटर धरणारा पुढचा स्टे वाकडा, रेडिएटरची जाळी दबली, टंकीला पोचा. पुढचा शॉकअप सरळ दिसत होता. दिसत होता म्हणतोय, पुढे येतं ते.

कंपनीच्या दराने सगळे पार्ट घालायचे म्हटलं तर एस्टिमेट ६० हजाराच्या वर जात होतं आणि त्यातलं बरंचसं नुसतं प्लॅस्टिक. इन्शुरन्स फुल होता पण झिरो डेप (घसारा न कापणारा) नव्हता, आणि त्यात प्लॅस्टिक-रबरवर सरळ ५०% कापतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला लोखंडी पार्टवरही ४०%. म्हणजे क्लेम टाकूनही अर्धं आपल्याच खिशातून. वर रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५% च्या पुढे गेला तर टोटल लॉस, मग गाडीच हातची जाते. भावाने हात टेकले, मी ती त्याच्याकडून घेतली, आरसी नावावर करून, कारण इंजिन ठणठणीत होतं आणि हे इंजिन मला आवडतं.

आता "एवढं करण्यापेक्षा एमटी-१५ च घे ना" हे मला सोसायटीच्या वॉचमनपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. मुद्दा बरोबरच आहे, एमटी ही यामाहाचीच, म्हणजे आर१५ चंच १५५ सीसी इंजिन आणि डेल्टाबॉक्स चेसिस, किट काढून हॅन्डल वर केलेलं, मार्च २०१९ ला आलं. पण त्या पहिल्या एमटीला चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) लोखंडी बॉक्सचा दिला होता, आर१५ ला त्याच काळात अॅल्युमिनियमचा होता, एमटीला तो मिळायला २०२२ चं व्हर्जन २ यावं लागलं. टंकीही आर१५ ची ११ लिटर, एमटीची १०. आणि स्ट्रीटफायटर हा प्रकार शोरूममधून आलेलाच नाही हो. ऐंशीच्या दशकात तिकडे ब्रिटन-जर्मनीत सुझुकी जीएसएक्स-आर सारख्या किटवाल्या गाड्या पडायच्या, किट परवडायचं नाही, मग पोरं किट फेकून द्यायची, रुंद हॅन्डल लावायची, दोन गोल लाईट ठोकायची आणि चालवायची. कंपन्या मागून आल्या, १९९७ ची दोन गोल डोळ्यांची ट्रायम्फ स्पीड ट्रिपल, मग २००९ ला डुकाटीने तर गाडीचं नावच स्ट्रीटफायटर ठेवलं. तेव्हा पडलेल्या गाडीवर हे करणं हीच खरी रीत.

आता गॅरेज. ठाणे-बेलापूर रोडवरून रबाळे एमआयडीसीत आत, पाटी नाही, पत्र्याची शेड, बाहेर कायम दोन-तीन टेम्पो आडवे लावलेले. गॅरेज चालवणारे दादा आधी कंपनीत फिटर होते, मूळचे कराडकडचे, बोलणं कमी. मी मोबाईलवर फोटो दाखवायला लागलो, असा लाईट, तशी सीट, तर म्हणाले, "भाऊ, फोटो राहूदे. पयला चेसिस बघू, ती गेली असंल तर रंगाचं बोलून काय उपयोग?" मला हा माणूस तिथेच पटला. याआधी ज्या दोन मॉडिफायरकडे जाऊन आलो होतो त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत कलरचं कॅटलॉग काढलं होतं, चेसिसकडे कोणी वाकूनसुद्धा बघितलं नाही.

आणि बघितली म्हणजे खरंच बघितली. पुढचं सगळं उतरवलं, कोनसेट काढला, चेसिसच्या मानेजवळचा रंग खरवडून वेल्डिंगवर लाल डाय मारला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. बारीक जरी क्रॅक असली तरी आतला लाल डाय वर झिरपून पांढऱ्यावर रेघ उमटते. आमच्याकडे काही उमटलं नाही. मग मागचं चाक चिमट्याच्या खुणांवर नाही तर मोजून सरळ केलं आणि दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढच्या चाकाशी लाईन बघितली. कंपनी जिगवर बघते ते वेगळं, पण दोरीने सुद्धा मोठा गोंधळ असेल तर कळतो.

शॉकअपचे पाईप काढून व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावून फिरवले तर उजवा पाईप बेंड निघाला. डोळ्याला अजिबात कळत नव्हता, गेजचा काटा मात्र हलत होता. मी विचारलं सरळ होईल का, तर म्हणाले होईल, प्रेसवर घेतो, पण मी माझ्या पोराच्या गाडीला नसता घातला. मग नवीनच मागवला, दोन्ही बाजूंना नवे ऑईल सील आणि नवीन ऑईल. नुसता देखणा फायटर बनवून घेतला असता तर हा बेंड पाईप घेऊनच मी ऐरोली पुलावर नव्वदने गेलो असतो. बिल वाढवायला सांगतायत असं क्षणभर वाटलं होतं पण गेज माझ्यासमोर फिरवला, जुना पाईप हातात दिला. अजून माळ्यावर पडलाय.

हॅन्डलचं काम हा या सगळ्याचा जीव. क्लिपऑन काढून रुंद हॅन्डल लावायचं तर वरच्या टीला (शॉकअपचे दोन्ही पाईप वर धरून ठेवणारा तुकडा) रायझर, म्हणजे हॅन्डल उचलून धरणारे ठोकळे, बसायला जागा लागते. स्वस्तातला उपाय म्हणजे आहे त्याच टीला ड्रिल मारून रायझर टाईट करायचे, दोन-अडीच हजारात होतं, बरेच जण करतात. दादांनी नाही म्हणून सांगितलं, तो टी त्या ताकदीसाठी ओतलेला नाही, रुंद हॅन्डलची ओढ तिथेच येते. त्यांनी एमटीचा वरचा टी मागवला, व्हर्नियरने पाईपचा व्यास आणि दोन पाईपमधलं अंतर जुन्या टीशी ताडून बघितलं, मगच बसवला. हॅन्डल पूर्ण वळवल्यावर टंकी आणि मूठ यांच्यात ग्लोव्ह घातलेला अंगठा सापडू नये एवढी जागा ठेवली, त्यासाठी हॅन्डल दोनदा बदललं, जास्तीचे पैसे लावले नाहीत.

हॅन्डल वर आलं की क्लच केबल, रेसची केबल, पुढच्या ब्रेकचा पाईप सगळं आखूड पडतं. इथेच लोक जुगाड करतात, ताणून-बिणून बसवतात. आमच्याकडे केबल लांबीच्या नवीन घातल्या, ब्रेकला मापाचा ब्रेडेड होज. एक टेस्ट त्यांनी दाखवली ती कोणीही घरी करून बघू शकतो. गाडी स्टँडवर न्यूट्रलला चालू ठेवायची आणि हॅन्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, आरपीएम जराही चढला तर रेसची केबल ताणली जातेय, मग यू-टर्न मारताना गाडी आपणहून उडी घेणार.

वायरिंगबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. किटच्या गाडीत डूमच्या मागे वायरींचा एवढा गुंता असतो आणि किट तो लपवतं, पाण्यापासूनही वाचवतं. किट गेलं की तो सगळा संसार उघड्यावर. दादांचा एक पोरगा आहे, विशीतला, एकही शब्द बोलत नाही, त्याने सगळे कनेक्टर टंकीखाली मागे सरकवले, जे पुढे ठेवावेच लागले ते तोंड खाली करून ठेवले आणि वायरला खाली एक झोळ दिला म्हणजे पाणी वायरवरून येऊन कनेक्टरमध्ये न जाता झोळातून ठिबकतं. आत डायइलेक्ट्रिक ग्रीस, बाहेर हीट श्रिंक. कुठेही काळी चिकटपट्टी नाही! हॉर्न रेडिएटरच्या समोर लटकत होता तो बाजूला घेतला, रेडिएटरच्या दबलेल्या जाळ्या एकेक करून सरळ केल्या आणि पुढे जाळीचा गार्ड टाकला, कारण आता पुढच्या चाकाने उडवलेला दगड थेट तिथेच जाणार.

आता रडगाणं. "गणपतीच्या आधी देतो" म्हणाले होते, दिवाळीचे कंदील लागले तेव्हा गाडी मिळाली. अर्धा दोष पेंटरचा, तो बाहेरचा आहे, टंकी त्याच्याकडे जाऊन पडली की पडली. व्हॉट्सअॅपवर काहीही विचारा, अंगठा येतो. कधी होणार, अंगठा. पार्ट आला का, अंगठा. फोन दुपारी जेवणाच्या सुट्टीत केला तरच उचलतात. शेवटी मी संध्याकाळी ऑफिसवरून येता येता शेडमध्ये जाऊन बसायला लागलो तेव्हा काम हललं.

पेंटला दहातले सहा. पोचा छान भरलाय, लांबून कळत नाही, पण टंकीच्या खालच्या कडेला क्लिअर कोट ओघळलाय आणि निळा जुन्या शेडपेक्षा किंचित गडद आलाय. रंग निळाच ठेवायचा हा आग्रह दादांचा, आरसीवर जो रंग आहे तोच ठेव, नाहीतर आरटीओत नोंद करत बस.

मीटरचा ब्रॅकेट पत्रा कापून बनवलेला, ७ हजार आरपीएमच्या आसपास असा झणझणायचा की मीटरमधले आकडे डबल दिसायचे. परत नेली, रबर बुश घालून दिले, आता ठीक आहे. गोल एलईडी हेडलाईट बाजारातला घेतला होता, त्यात धुताना पाणी शिरून वाफ धरली, तोही उघडून सिलिकॉन लावून दिला. म्हणजे परत गेलं की करून देतात, तोंड वाकडं न करता, पण परत जावं लागतं.

चालवायला कशी? शहरात मजा आहे. मनगटांचं दुखणं गेलं, घणसोली ते वाशी सिग्नल टू सिग्नल ट्रॅफिकमध्ये जी गाडी आधी शिक्षा वाटायची ती आता पटकन वळते, रुंद हॅन्डलमुळे जोरच लावावा लागत नाही. मागचं स्प्रॉकेट एमटीचं टाकलं, त्याला दात जास्त, चेन त्या मापाची, त्यामुळे खालच्या गिअरला ओढ वाढली आणि ७,४०० आरपीएमला व्हीव्हीए (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी सोय) उघडतो तो धक्का आता लवकर भेटतो. टॉप स्पीड थोडा मेला, पामबीचला मला तो वापरायचाही नाहीये, कॅमेरे आहेत.

पण ८०-९० च्या पुढे वारा सरळ छातीवर येतो आणि पुढचं चाक हलकं वाटायला लागतं, कारण अंगाचं वजन पुढून मागे आलं. ऐरोली पुलावर खाडीचा आडवा वारा असला की हॅन्डल घट्ट धरू नका, घट्ट धरलं की आपणच गाडी हलवतो. दुसरं, पाय अजून आर१५ सारखेच मागे आणि हात मात्र वर, अर्धं अंग ट्रॅकवर आणि अर्धं बाजारात भाजी आणायला निघालेलं. सवय होते, पण उंच माणसाने आधी बसून बघावं. मागची सीट तशीच उंच आहे, बायको एकदा बसली आणि आता ट्रेनने जाते.

कायद्याचं बघूनच करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फरक पडेल असा बदल चालत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून दादा चेसिस कापत नाहीत, मागची सबफ्रेम छोटी करत नाहीत, इंजिनाला आणि सायलेन्सरला हात लावत नाहीत. माझ्यासमोर एक पोरगा नुसता आवाजाचा सायलेन्सर पाईप लावून द्या म्हणून आला होता, त्याला हाकललं. आरसे, इंडिकेटर, साडीगार्ड, एचएसआरपी प्लेट सगळं लावूनच गाडी देतात, साडीगार्डने लूक जातो म्हणालो तर ऐकूनच घेतलं नाही. किट काढल्याचं मी इन्शुरन्सवाल्यांना फोटोसकट मेल करून ठेवलंय, तुम्हीही करा, क्लेमच्या वेळी कटकट नको.

खर्च सगळा मिळून ३८ हजाराच्या आसपास गेला. त्यात मजुरी ११ हजार, शॉकअपचं काम साडेसात, टी-हॅन्डल-केबल-होज मिळून साधारण दहा, पेंट साडेचार, उरलेलं लाईट, आरसे, चेन-स्प्रॉकेट आणि सटरफटर. शाबूत राहिलेलं डावं किट आणि पुढची काच विकून त्यातले थोडे परत आले, म्हणून जुने पार्ट मागून घ्या, ते देतात. बिल वहीच्या पानावर हाताने लिहून मिळतं पण पार्टच्या ओरिजिनल पावत्या सोबत पिन केलेल्या असतात. अॅडव्हान्स फक्त पार्टचा घेतात, मजुरी गाडी चालवून बघितल्यावर.

जायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर जा, टेम्पो निघालेले असतात, शेड दिसते. आरसीची झेरॉक्स न्या, त्याशिवाय गाडी आत घेत नाहीत, चोरीच्या गाडीचा ताप नको म्हणतात. आणि सणाची तारीख सांगितली तर त्याच्या पुढचा सण धरून चाला.