गालातला बदल, बीजातला बदल
रंकाळ्यावर फिरताना मित्रानं विचारलं, "बाबांना तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झाला. माझ्या पोरांत उतरंल काय, भावा?" तंबाखूनं गालाच्या पेशीत घडलेला जनुकबदल त्या गालापुरताच, तो माणसाबरोबरच संपतो. (पोरांनी आजोबांची पुडी उचलली तर गोष्ट वेगळी.) शुक्राणूतला किंवा स्त्रीबीजातला बदल मात्र बाळाच्या जवळपास प्रत्येक पेशीत जातो. आईच्या बीआरसीए-१ जनुकाच्या (हा बिघडला की स्तनाच्या नि बीजाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) एका प्रतीत जन्मजात दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. शिवाय प्रत्येक बाळात साधारण ६० ते ७० बदल अगदी नवे असतात. बहुतेक बापाकडून आलेले, बहुतेक निरुपद्रवी. आपल्या उसाचं गणित निराळं: डोळ्यातला (कांडीवर कोंब फुटतो त्या जागेतला) बदल कांडीतून थेट पुढच्या लागणीत उतरू शकतो.