‘अमर्याद पायथॉन होस्टिंग’ घेण्यापूर्वी

ॲप इंटरनेटवर चालवण्यासाठी सर्व्हर पुरवणाऱ्या (म्हणजे होस्टिंग देणाऱ्या) हेरोकू या सेवेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोफत योजना बंद केल्यापासून लहान संस्थांना स्वस्त होस्टिंगची गरज भासू लागली आहे, आणि नेमके हेच हेरून एका विक्रेत्याने आमच्या ग्रंथालयाला ‘अमर्याद पायथॉन होस्टिंग’ विकले व तीन वर्षांचे पैसे आगाऊ घेतले. सभासद नोंदणी आणि पुस्तकांची देवघेव सांभाळणारे आमचे ॲप जॅंगो ५.२ या पायथॉन भाषेतील फ्रेमवर्कमध्ये लिहिलेले आहे, हे त्याला व्हॉट्सॲपवर लेखी कळवले होते आणि ‘चालेल’ असे त्याचे लेखी उत्तरही आले होते.

प्रत्यक्षात सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळण्याच्या नियंत्रण पॅनेलमध्ये, पायथॉन ॲप तयार करायला गेलो, तर आवृत्त्यांच्या यादीत २.७ आणि ३.६ एवढेच दोन पर्याय होते. पायथॉन २ चे आयुष्य १ जानेवारी २०२० रोजी संपले, ३.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या डिसेंबर २०२१ मध्ये थांबल्या आणि जॅंगो ५.२ ला किमान ३.१० लागते. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले, “सर, पायथॉन तर दिलंय ना?”

अटी बारकाईने वाचल्यावर कळले, की अमर्याद होती ती फक्त डिस्क आणि बँडविड्थ. फायलींच्या संख्येवर मर्यादा होतीच, आणि ॲपला लागणारी पॅकेजेस ठेवणाऱ्या एकट्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येच हजारो लहान फायली असतात. मुदत उलटलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रे पाठवण्यासाठी आम्हाला सेलरी ही पार्श्वभूमीवर कामे करणारी प्रणाली सतत चालू ठेवावी लागते. पण शेअर्ड (अनेक ग्राहकांत वाटलेल्या) सर्व्हरवर अशा पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोसेसना मनाईच होती. फास्टएपीआय ही पायथॉनचीच दुसरी फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे, कारण तिला एएसजीआय या नव्या पद्धतीचा सर्व्हर लागतो आणि सीपॅनेलमधला पॅसेंजर हा ॲप चालवणारा सर्व्हर पायथॉनसाठी डब्ल्यूएसजीआय ही जुनी पद्धतच चालवतो.

पैसे परत मागितले, तेव्हा ‘सेटअप शुल्क’ म्हणून बहुतेक रक्कम कापण्याची भाषा सुरू झाली, आणि उरलेल्या रकमेत महागडा व्हीपीएस (स्वतंत्र आभासी सर्व्हर) घेण्याचा आग्रहही. पावतीवर केवळ ‘वेब सर्व्हिसेस’ असे मोघम लिहिलेले असल्याने वाद घालायला आधार उरला तो व्हॉट्सॲपवरील संभाषणाचाच. खरा धक्का मात्र पुढे होता: .इन डोमेनच्या नोंदीत नोंदणीदार म्हणून ग्रंथालयाऐवजी विक्रेत्याच्या फर्मचे नाव होते, त्यामुळे डोमेन दुसरीकडे हलवण्यासाठी लागणारा ट्रान्सफर कोडही त्याच्याच हातात होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार केल्यावर तो कोड मिळाला आणि डोमेन आता ग्रंथालयाच्या नावावर आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.