लिफ्ट केलेली गाडी पुढून बसतेय? आधी स्प्रिंग बघा

गाडी उंच करून घेतली आणि काही आठवड्यांतच ती पुढून बसायला, म्हणजे खाली यायला लागली, तर गॅरेजवाला जे पहिलं कारण सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका. मला एकामागून एक तीन कारणं सांगितली गेली. प्रत्येक कारण ऐकायला पटण्यासारखं होतं आणि एका कारणापायी तर वेगळे पैसेही गेले. खरं कारण मात्र एकच होतं: ज्या नव्या स्प्रिंगांचे पैसे मी दिले, त्या गाडीत लावल्याच नव्हत्या. हा प्रकार नेमका कसा झाला आणि कसा उघडा पडला, ते सविस्तर लिहितोय. कारण खोटं नेमकं कुठे लपवता येतं हे कळल्याशिवाय ते पकडता येत नाही.

माझ्या गाडीला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळा अप्पर आर्म, लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे वरचा आणि खालचा दांडा) आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंग चढवलेला शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर). कच्च्या रस्त्यासाठी पुढे लोखंडी बम्पर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) बसवली होती. ते वजन पेलायला कंपनीच्या स्प्रिंगा कमी पडत होत्या, म्हणून जास्त कडक स्प्रिंगांचं लिफ्ट किट लावायचं आणि पुढची उंची साधारण ५० मिलिमीटरने वाढवायची असं ठरलं. बिलावरही 'हेवी ड्यूटी स्प्रिंग सेट' असंच लिहिलं होतं.

ताब्यात देताना गाडी दिसायला झकास होती. लाल चकचकीत स्प्रिंगा, पुढचं नाक वर, आणि माझ्यासमोर टेप लावून मोजलेली उंची ठरल्याप्रमाणे बरोबर. इथेच पहिली गोम होती. गाडी नुकतीच जॅकवरून खाली आली होती आणि जागची हललेलीही नव्हती. जॅकवर असताना चाकं खाली लोंबतात आणि थोडी आत ओढली जातात. खाली टेकवल्यावर टायर जमिनीला घट्ट धरून राहतात, त्यामुळे चाकं पुन्हा बाहेर सरकत नाहीत आणि गाडी आहे त्यापेक्षा उंच उभी राहते. गाडी थोडी पुढेमागे फिरवली की ती आपल्या खऱ्या उंचीवर येते. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या घेतलेलं माप म्हणूनच बिनकामाचं.

पुढे नाक हळूहळू खाली येत गेलं. गॅरेजमध्ये परत गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, नवी स्प्रिंग आहे, थोडी बसणारच." यात अर्धं सत्य आहे. नवी स्प्रिंग सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते. पण ते बसणं काही मिलिमीटरचं, फार तर सेंटिमीटरभराचं असतं, दोन्ही बाजूंना जवळपास सारखं असतं आणि मुख्य म्हणजे ते थांबतं. माझी गाडी थांबत नव्हती, आणि डावी बाजू उजवीपेक्षा जास्त उतरली होती. मग टायरमधल्या हवेवर बोट ठेवलं गेलं. हवा तपासली, ठीक निघाली.

तिसरं कारण शॉकअपचं. "स्प्रिंगा ठीक आहेत, पण तुमचे जुने शॉकअप त्यांना साथ देत नाहीत, म्हणून गाडी बसते." हे वाक्य अनेकांच्या कानावर येत असणार, म्हणून त्यावर जरा थांबतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगची हालचाल आवरणं एवढंच. तो निकामी झाला तर गाडी डुलते, उसळते, वळणावर झुकते, पण उभी असताना सेंटिमीटरच्या हिशोबात बसत नाही. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये गॅसच्या दाबाने दांडा बाहेर ढकलला जातो, त्यामुळे उंचीत किंचित फरक पडतो, पण तो किंचितच. गाडी बसली म्हणून कोणी फक्त शॉकअप विकत असेल, तर त्याला उभी गाडी शॉकअप कसा उचलून धरतो ते समजावून सांगायला लावा.

शॉकअप बदलले, त्याचे पैसे घेतले आणि गाडी खरोखरच वर आली! काही दिवसांत पुन्हा खाली. हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने ते उलगडून दाखवलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. लोअर आर्म ज्या बुशांवर (सांध्यातल्या रबर भरलेल्या नळ्यांवर) फिरतो त्यांतलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलला की रबर पिळलं जातं. म्हणून या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर, आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे असतात. गाडी जॅकवर आणि चाकं लोंबत असताना आवळले, तर त्या लोंबत्या स्थितीतच रबर सरळ धरलं जातं. गाडी खाली टेकली की रबर पिळतं आणि आर्मला सतत खाली दाबत राहतं, म्हणजेच गाडीला वर ढकलत राहतं. ती उंची स्प्रिंगची नव्हे, पिळलेल्या रबराची असते. चालवता चालवता रबर सैल पडतं, फाटतं, आणि ती उसनी उंची निघून जाते. माझ्या गाडीचे आर्म प्रत्येक वेळी असेच हवेत आवळले जात होते, त्यामुळे प्रत्येक 'दुरुस्ती'नंतर गाडी वर दिसायची आणि नंतर बसायची. शेवटी ते बुशही गेले. हे त्यांनी मुद्दाम केलं की निष्काळजीपणे, ते सिद्ध करता येणार नाही. पण त्याचा फायदा त्यांनाच झाला.

चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी सुचवलं की स्प्रिंगवर आणखी एक जाड स्पेसर (उंची वाढवणारी चकती) टाकू, कायमचं काम होईल. 'आणखी एक' हा शब्द तिथेच खटकला, कारण पहिला स्पेसर असल्याचं मला कधीच सांगितलं नव्हतं. शिवाय गाडी स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून 'टक' असा आवाज येऊ लागला होता. शॉकअप पूर्ण ताणला जाऊन टोकाला आपटतो तेव्हा असा आवाज येतो. म्हणजे चाकाला खाली जायला जागाच उरलेली नव्हती. त्यात आणखी उंची वाढवली असती तर ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या सांध्याचा) कोन वाढून त्याचं रबरी बूट फाटणं, बॉल जॉइंटवर (आर्म आणि चाक जोडणाऱ्या सांध्यावर) जास्तीचा ताण येणं, ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जाणं हे सगळं ओघाने आलंच असतं. नकार दिला आणि गाडी थेट दुसऱ्या मेकॅनिककडे नेली.

या माणसाने लगेच पाना हातात घेतला नाही. गाडी सपाट जागी घेतली, चारही टायरची हवा सारखी केली, गाडी पुढेमागे फिरवली, बॉनेटवर दोन-चारदा दाबून सोडली आणि हँडब्रेक न लावता माप घेतलं. मापही जमिनीपासून नाही, तर चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवाही त्यात मिसळते. मध्यापासून मोजलं तर फक्त सस्पेन्शन कळतं. मग मागच्या ॲक्सलच्या बरोबर मध्याखाली जॅक लावून मागची बाजू थोडी उचलली आणि पुढचा डावा-उजवा फरक पुन्हा पाहिला. मागची एखादी स्प्रिंग थकली असेल तर गाडी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी होते आणि आळ पुढच्यावर येतो, म्हणून ही तपासणी. फरक तसाच राहिला. दोष पुढेच होता.

त्यानंतर दोन्ही शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर काढले. दाबलेली स्प्रिंग कंप्रेसर न लावता सोडवायला गेलं तर ती जिवावर बेतेल अशी उसळते, त्यामुळे घरी वरचा नट सोडून बघू असा विचार कोणी करू नये. स्प्रिंग मोकळी झाल्यावर त्याने तिचा खालचा वेढा, जो बैठकीत झाकलेला असतो, पुसला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडला. लाल रंगाखाली काळा रंग निघाला, त्याखाली गंजाचे बारीक खड्डे, आणि मधल्या वेढ्यावर कंपनीने प्रत ओळखायला मारलेल्या रंगीत खुणा. बैठकीच्या रबरावरही लाल रंगाचे शिंतोडे होते. नव्या स्प्रिंगला रंग कारखान्यात लागतो, तो रबरावर कशाला उडेल? वरच्या बैठकीत साधारण २५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा स्पेसर होता आणि डाव्या बाजूच्या स्पेसरला आरपार चीर गेली होती.

माझ्याच जुन्या स्प्रिंगा रंगवून परत बसवल्या होत्या.

आता २५ मिलिमीटरच्या स्पेसरने ५० मिलिमीटर उंची कशी आली? शॉकअप लोअर आर्मच्या साधारण मधोमध टेकलेला असतो, त्यामुळे तिथे जेवढी उंची वाढवाल त्याच्या जवळपास दुप्पट चाकापाशी मिळते. उंची मिळते, पण कडकपणा जराही वाढत नाही. वजन तेच, स्प्रिंग तीच. उलट चाक पूर्ण वर आलं की स्प्रिंग मूळ रचनेपेक्षा स्पेसरच्या जाडीइतकी जास्त दाबली जाते. आधीच थकलेली स्प्रिंग असं पुन्हा पुन्हा दाबली गेली की पूर्ववत होत नाही, कायमची आखूड होते. माझी डावी स्प्रिंग मोकळ्या अवस्थेतही उजवीपेक्षा आखूड भरली.

तारेची जाडी व्हर्नियरने मोजली तर रंगासकट १४ मिलिमीटर. बिलात लिहिलेल्या किटची तार १५ ची असते. एका मिलिमीटरने काय होतं असं वाटेल, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या तीच असेल, तर १५ ऐवजी १४ ची तार म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश कमी कडक. आणि पुढे टांगलेलं वजन नुसत्या काट्यावरच्या आकड्याइतकं नसतं. समजा बम्पर आणि विंच मिळून ८० किलो आहेत, ते पुढच्या ॲक्सलच्या ०.८ मीटर पुढे आहेत आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २.७ मीटर आहे. तर पुढच्या ॲक्सलवर भार येतो सुमारे १०४ किलोचा, कारण वरचे सुमारे २४ किलो मागच्या ॲक्सलवरून कमी होऊन पुढे येतात. म्हणून किट घेताना पुढे किती वजन आहे हे विचारलंच गेलं पाहिजे. जो विक्रेता ते विचारत नाही, त्याला काम कळत नाही किंवा करायचं नाही.

स्प्रिंगा, स्पेसर आणि फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. आधी "किट असंच येतं" झालं. लाल रंगाखाली दिसणाऱ्या कंपनीच्या खुणा दाखवल्यावर सूर बदलला: माल संपला होता, तात्पुरत्या लावल्या होत्या, तुम्हाला कळवायचं राहून गेलं. इतक्या फेऱ्यांमध्ये कळवायचं राहून जातं यावर माझा विश्वास नाही. बरीच वादावादी झाल्यावर स्प्रिंगांचे पैसे परत मिळाले. मजुरी, शॉकअप आणि फाटलेले बुश यांचं काहीच मिळालं नाही.

तुम्ही असं काम करून घेणार असाल तर किटचा खोका तुमच्यासमोर उघडला जाऊ द्या. स्प्रिंगवरचा पार्ट नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवा, फोटो काढा. काही किटमध्ये डावी आणि उजवी स्प्रिंग वेगवेगळी असते, तेही विचारून घ्या. काढलेले जुने पार्ट घरी आणायचेच. "भंगारात टाकतो साहेब" याला हो म्हणू नका, कारण जुन्या स्प्रिंगा तुमच्या हातात असतील तर त्या गाडीत असू शकत नाहीत. काम झाल्यावर गाडी थोडी फिरवून आणून मगच माप घ्या आणि ते बिलावर लिहून सही घ्या. अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा. उंची बदलली की कॅम्बर, कॅस्टर, टो हे चाकांचे सगळेच कोन बदलतात आणि अलाइनमेंट न करता दिलेल्या गाडीचे टायर एका कडेने खाल्ले जातात.

ज्यांच्या गाडीला पुढे टॉर्शन बार (वेढ्यांच्या स्प्रिंगऐवजी पिळला जाऊन वजन पेलणारा दांडा) आहे त्यांच्याकडे हाच खेळ बोल्ट आवळून होतो. बोल्ट फिरवला की गाडी वर येते, पण बार होता तेवढाच कडक राहतो. नवा बार लावला म्हणून सांगितलं असेल तर दोन्ही बारांवरच्या डाव्या-उजव्या खुणा बघा. अदलाबदल झाली तरी गाडी बसते.

गाडी बसली म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूकच असते असंही नाही. स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटून बैठकीतच अडकून राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत नीट बसलेलं नसतं, चालता चालता खाचेत जातं आणि तेवढी बाजू उतरते. चांगला मेकॅनिक हे उघडून दाखवतो. माझ्यासारखाच अनुभव येत असेल तर नव्या पार्टवर पैसे घालण्याआधी एक बाजू पूर्ण उघडायला लावा आणि स्वतः समोर उभे राहा.

आता गाडीत खऱ्या १५ च्या स्प्रिंगा आहेत, स्पेसर नाही, बुश नवे आहेत. बोल्ट आवळताना त्या मेकॅनिकने गाडी चाकांवर उभी केली आणि खाली झोपून आवळले. पहिल्या काही आठवड्यांत गाडी दोन्ही बाजूंनी सारखीच, चार मिलिमीटर बसली. त्यानंतर माप हललेलं नाही.