पैदाशीचा बोकड: बोअर क्रॉस, उस्मानाबादी की कोकण कन्याळ?

बोकड घेताना आपल्याकडे आधी वजन बघतात, मग भाव ठरतो. तो जंतांना कितपत दाद देतो, हे कुणी विचारत नाही. राधानगरी-गगनबावड्याकडे पावसाळाभर शेळ्या चरायला सोडणाऱ्यांनी मात्र हाच प्रश्न पहिला विचारावा. तिथे करडं खंगवतो तो हिमोंकस, चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा जंत. त्याची एक मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळ्या गवतावर चढतात.

बोअर क्रॉस म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या बोअर जातीचा देशी शेळीशी केलेला संकर. त्याची वाढ झपाट्याची, मटणाचा हिशोबही चांगला बसतो. पण अमेरिकेत टेनेसीच्या दमट कुरणावर बोअर, किको आणि स्पॅनिश शेळ्या एकत्र सांभाळल्या, तेव्हा जंतांचा त्रास बोअरलाच जास्त झाला. उस्मानाबादी काटक आणि जुळी देणारी, पण ती घडली मराठवाड्याच्या कोरड्या हवेत. कोकण कन्याळ सिंधुदुर्गाच्या धो-धो पावसातली. म्हणून घाटाकडच्या गावांसाठी माझं मत तिच्या बाजूने आहे.

तरी नुसत्या जातीवर पैसे मोजू नका. कोणत्याही कळपात थोड्याच शेळ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात. एकाच जातीचे दोन बोकड यात फार वेगळे निघतात.

इथे दोन गुणांची गल्लत होते. काही जनावरं जंत सोसतात: अंगाने तुकतुकीत, पण लेंडीतून कुरणभर अंडी टाकत फिरतात. काहींचं शरीर अळ्यांना पोटात ठरूच देत नाही, ठरल्या तरी मादीची अंडी कमी होतात. बोकड या दुसऱ्या प्रकारचा हवा, कारण हा गुण काही प्रमाणात करडांत उतरतो. खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर अंगात रक्त आहे, पांढरट असेल तर औषधाची घाई करा. पण पापणीवरून सोसणारा आणि रोखणारा यांतला फरक कळत नाही. तो लेंडीतली अंडी मोजल्यावरच कळतो. ताजी लेंडी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरात, त्याच कुरणावरच्या त्याच वयाच्या बोकडांची एकत्र करून घ्या. विकणाऱ्याने नुकतंच जंतनाशक पाजलं असेल तर शून्य अंड्यांचा कागद काही सांगत नाही.

कळपात निवड करायची तर सगळ्यांना ठरल्या तारखेला डोस पाजणं थांबवा. त्याने औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात, आणि कोणती शेळी आपल्या बळावर तगते तेही झाकलं जातं. गाभण, नुकत्या व्यायलेल्या शेळ्या आणि लहान करडांवर मात्र डोळा ठेवा. त्यांची ताकद त्या दिवसांत कमीच असते. जबड्याखाली पाणी उतरून सूज दिसली तर औषधाला वाट बघू नका.

शिरोळ-हातकणंगल्याकडे शेळ्या शेडमध्येच असतील आणि वाळलेला चारा गव्हाणीत उंचावर मिळत असेल, तर अळ्या पोटात जायची वाटच जवळजवळ बंद होते. तिथे बोअर क्रॉस खुशाल घ्या.