मोशन प्लॅटफॉर्म घ्यायचाय? किती हलतो याआधी कुठल्या दिशेला आणि किती वेगात हलतो ते बघा

मोशन प्लॅटफॉर्मची, म्हणजे सिम्युलेटरची सीट किंवा सीट-स्टिअरिंगची आख्खी चौकट (रिग) हलवणाऱ्या यंत्राची, दोन माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली की नजर आधी डिग्रीच्या आकड्यावर जाते. एकात पिच, म्हणजे पुढे-मागे झुकणं, अधिक-उणे १० डिग्री, दुसऱ्यात २५, मग २५ वालाच भारी असणार असं वाटतं. तसं नसतं, आणि का नसतं हे एकदा कळलं की अर्धी निवड तिथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. रेसिंग रिगसाठी बघताय की फ्लाइट सिमसाठी, हिशोब दोन्हीकडे तोच आहे, लॅबसाठी थोडा वेगळा, तो शेवटी सांगतो.

आधी सहा दिशा स्पष्ट करून घेऊ. पुढे-मागे सरकणं म्हणजे सर्ज, डावी-उजवीकडे सरकणं स्वे, वर-खाली हीव्ह. मग फिरण्याच्या तीन, कुशीवर कलणं रोल, नाक वर-खाली होणं पिच, नाक डावी-उजवीकडे वळणं यॉ. टू अ‍ॅक्सिस, थ्री अ‍ॅक्सिस, सिक्स अ‍ॅक्सिस म्हणजे यातल्या किती दिशा मिळतात तेवढंच. किती अंतर मिळतं ते त्या नावात कुठेच नसतं.

आता खरा मुद्दा. गाडीने जोरात ब्रेक मारला की अंग पुढे जातं, हे खोलीत बसून कसं आणायचं? खरोखर सरकवायचं म्हटलं तर जागा किती लागते बघा. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर, ०.३ जी म्हणजे साधारण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग, हा मध्यम ब्रेक झाला, तो फक्त एक सेकंद द्यायचा तर दीड मीटर सरकावं लागतं, आणि मग थांबायला अजून दीड मीटर. समजा तुमच्या प्लॅटफॉर्मला सर्जमध्ये एका बाजूला १२ सेंटिमीटर आहेत, तर ०.३ जी चा झटका मिळतो जेमतेम ०.२ सेकंद, लगेच उलटं थांबवणं सुरू करावं लागतं, आणि ते उलटं थांबवणं अंगाला कळू नये म्हणून हळू करायचं तर झटका अजूनच छोटा होतो.

म्हणून बहुतेक प्लॅटफॉर्म एक युक्ती वापरतात, टिल्ट, म्हणजे झुकवणं. कानाच्या आतला जो भाग सरळ रेषेतला वेग वाढणं-कमी होणं ओळखतो त्याला गुरुत्वाकर्षण आणि ते यातला फरक एकट्याने कळत नाही. डोळ्यासमोर रस्ता सपाट दिसतोय आणि सीट हळूच पुढे झुकवली तर मेंदू ते ब्रेकिंग म्हणून घेतो. १० डिग्री झुकवलं की साधारण ०.१७ जी, २० ला ०.३४, ३० ला ०.५. पण एक अट आहे, झुकणं कळता कामा नये, आणि त्यासाठी साधारण ३ डिग्री प्रति सेकंद ही मर्यादा धरून चालतात. म्हणजे १० डिग्रीला पोचायला तीन सेकंदांपेक्षा जास्त, आणि खऱ्या गाडीत ब्रेक लागतो तो क्षणात.

हे जवळून बघा. हेअरपिनच्या, म्हणजे एकदम उलट फिरणाऱ्या वळणाच्या, आधी ब्रेक पेडल दाबलं, पहिल्या ०.२ सेकंदात प्लॅटफॉर्मने सर्जचा छोटा झटका दिला, चांगला वाटला. तीन सेकंदांनंतर टिल्ट पूर्ण आला, तोही ठीक. मधले दोन-अडीच सेकंद मात्र रिकामे जातात, आणि बहुतेक ब्रेकिंग तर तेवढ्यातच संपतं. कंपन्या मग टिल्टचा वेग वाढवतात, मग ब्रेक न वाटता नाक खाली गेल्यासारखं वाटतं. जास्त लांब सरकू शकणारा प्लॅटफॉर्म ही मधली फट भरतो, लांबीचा खरा उपयोग हा आहे.

आयोवातला नॅशनल अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हिंग सिम्युलेटर याचसाठी आख्खा डोम साधारण २० मीटर बाय २० मीटर जागेत सरकवतो. तरी गणित करून बघा, ०.३ जी ने एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं आणि थांबायचं तर खरी जाणीव मिळते अडीच सेकंदांच्या आसपास. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एवढंच! म्हणजे घरच्या रिगमध्ये ५ सेंटिमीटर जास्त मिळाल्याने सलग ब्रेकिंगमध्ये फार फरक पडेल ही अपेक्षाच सोडून द्या.

पण आता उलट बाजू, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हालचाल जितकी जलद तितकं अंतर कमी लागतं, आणि ते भयंकर वेगाने कमी होतं. सेकंदाला एक वेळा वर-खाली, अधिक-उणे १० सेंटिमीटर, तर मिळतो ०.४ जी. सेकंदाला पाच वेळा असेल तर पूर्ण १ जी साठी अधिक-उणे १ सेंटिमीटर पुरतो. दहा वेळा असेल तर अडीच मिलिमीटर. कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) चाक चढणं, खडबडीत रस्ता, मागचं चाक घसरताना येणारी थरथर, लँडिंगला टायर टेकण्याचा धक्का, हे सगळं या भागात येतं. प्लॅटफॉर्म हलवणारा मोटरचा दांडा म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, आणि तो टोकापासून टोकापर्यंत जितका सरकतो तो स्ट्रोक. इथे स्ट्रोक दुय्यम, अ‍ॅक्च्युएटरचा वेग महत्त्वाचा.

दोन अ‍ॅक्च्युएटर शेजारी ठेवू. पहिला १५० मिलिमीटर स्ट्रोकचा पण वेग १०० मिलिमीटर प्रति सेकंद. दुसरा फक्त ५० मिलिमीटरचा पण वेग ३०० मिलिमीटर प्रति सेकंद. सेकंदाला पाच हेलकाव्यांवर पहिला जेमतेम ३ मिलिमीटर हलू शकतो, ०.३ जी मिळतो. दुसरा साडेनऊ मिलिमीटर हलतो, जवळजवळ १ जी. आणि पहिल्याचा तो मोठा स्ट्रोक पूर्ण वापरायचा तर हेलकावा पाच सेकंदांचा असावा लागतो, त्यात सरकण्याची जाणीव जवळजवळ शून्य, म्हणजे तो स्ट्रोक फक्त टिल्टच्या कामाचा. रेसिंगवाल्याने दुसरा घ्यावा, यात मला काडीची शंका नाही. हेलिकॉप्टर किंवा बोट चालवणाऱ्याने मात्र लांब स्ट्रोकवाल्याकडे बघावं, फक्त वेग १०० वर अडकलेला नको.

आता प्रकार.

सीट मूव्हर, म्हणजे फक्त सीट हलते, पेडल-स्टिअरिंग जागेवर. वजन कमी असल्याने हालचाल चपळ, जागा कमी लागते. अडचण अशी की सीट झुकली की पाय आणि पेडल यातलं अंतर बदलतं, त्यामुळे डिग्री मुद्दाम कमीच ठेवाव्या लागतात, ब्रेक अचूक दाबायचा असेल तर ते खटकतं.

चार कोपऱ्यांना चार अ‍ॅक्च्युएटर, आख्खी रिग हलते, पिच-रोल-हीव्ह तीन दिशा. १०० मिलिमीटर स्ट्रोक आणि अ‍ॅक्च्युएटरमधलं अंतर पुढून मागे १२०० मिलिमीटर असेल तर पिच अधिक-उणे ४.८ डिग्री, रुंदी ६०० असेल तर रोल अधिक-उणे ९.५. तेच अ‍ॅक्च्युएटर जवळ जवळ लावले की डिग्री वाढतात, कागदावर छान दिसतं, पण रिग डगमगायला लागते आणि मोटरवर ताण येतो. म्हणून कोणी नुसता डिग्रीचा आकडा सांगितला तर आधी विचारा, किती अंतरावर लावून मोजला? रेसिंगसाठी माझी पहिली पसंती हाच प्रकार.

यालाच मागे ट्रॅक्शन लॉस जोडता येतो, म्हणजे रिगचा मागचा भाग डावी-उजवीकडे सरकतो. पिव्हटपासून, म्हणजे ज्या बिंदूभोवती रिग वळते तिथून, दीड मीटरवर अधिक-उणे १० सेंटिमीटर म्हणजे ३.८ डिग्री यॉ. ऐकायला कमी वाटतं, पण गाडी घसरायला लागल्याचा पहिला इशारा कमरेला मिळतो आणि स्टिअरिंग उलटं फिरवायला हात आधी हलतो. यॉला टिल्टची युक्ती लागू होत नाही, गुरुत्वाकर्षण तिथे काही मदत करत नाही, म्हणून तिथली प्रत्येक डिग्री खरी कमाई. ड्रिफ्ट किंवा रॅली करत असाल तर हेक्सापॉडच्या (सहा पायांचा प्लॅटफॉर्म, पुढे येतोय) आधी याचा विचार करा.

हेक्सापॉड, सहा पायांचा, सहाही दिशा. मूळ कल्पना टायर तपासण्याच्या यंत्रातली, डनलॉपमध्ये गॉफ यांनी १९५० च्या दशकात केलेली, आणि १९६५ मध्ये स्ट्युअर्ट यांचा शोधनिबंध आल्यावर विमानांच्या सिम्युलेटरसाठी रूढ झाली. वैमानिकांच्या ट्रेनिंगच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये एकेका पायाचा स्ट्रोक साधारण दीड मीटर असतो, घरगुती त्यापुढे अगदीच छोटे. आणि इथे एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते किंवा नसतेच, प्रत्येक दिशेचा आकडा हा बाकी पाच दिशा मध्यावर ठेवून मोजलेला असतो. सहा पाय तेच, त्यांचा स्ट्रोक सगळ्या दिशांनी वाटून घ्यायचा. पिच पूर्ण घेतला की हीव्हला फारसं उरत नाही, सर्ज पूर्ण घेतला की रोल कमी होतो. चार कोपऱ्यांच्या प्रकारातही हेच, पिच पूर्ण ४.८ वर असताना हीव्ह शून्य. म्हणून वापरताना छापील आकड्याच्या बऱ्याच आतच राहावं लागतं, त्यामुळे दोन दिशा एकत्र चालू असताना किती मिळतं ते लेखी मागा. देत नसतील तर तो आकडा धरू नका.

आता ३६० डिग्रीवाले. १९९० ची सेगाची आर ३६० आर्केड मशीन माणसाला खरोखर उलटं करायची. उलटं उडण्याची जाणीव हवी असेल तर दुसरा मार्गच नाही. पण फ्लाइट सिमवाल्यांनी एक लक्षात घ्या, विमान व्यवस्थित वळण घेतं तेव्हा ३० डिग्री कललेलं असूनही वैमानिकाला कुशीवर पडल्यासारखं वाटत नाही, जोर सीटमध्ये सरळ खालीच लागतो. नीट घेतलेल्या लूपच्या (उभ्या गोल कसरतीच्या) माथ्यावरही तो सीटवर दाबलेलाच असतो. प्लॅटफॉर्म ३० डिग्री कलवून ठेवला तर तुम्ही बाजूला घसरणार, लूपला उलटा केला तर पट्ट्यांवर लटकणार, दोन्ही खऱ्या विमानापेक्षा वेगळं. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर कलायला सुरुवात झाल्याचा झटका देतं आणि मग हळूच प्लॅटफॉर्म मध्यावर आणतं, त्याला वॉशआउट म्हणतात. प्रवासी विमान उडवणाऱ्याला १०-१५ डिग्री नीट ट्यून केलेल्या असल्या की भरपूर होतात. एरोबॅटिक्सवाल्याला ३६० ची मजा आहे, फक्त ती जाणीव प्रत्येक कसरतीत खरी नसते हे माहीत असू द्या.

हीव्हलाही टिल्टची मदत नाही, वर-खालीचा सलग जोर खोटा आणताच येत नाही. नासाच्या एम्स केंद्रातला व्हर्टिकल मोशन सिम्युलेटर उभा १८ मीटर आणि आडवा १२ मीटर हलतो, स्पेस शटलच्या लँडिंगचा सराव त्यावर झाला. हेलिकॉप्टरचं हॉव्हरिंग (हवेत एका जागी थांबणं) किंवा लँडिंगचा शेवटचा टप्पा तुमचा मुख्य विषय असेल तर हीव्हचा आकडा सगळ्यात आधी बघा, पिच-रोल नंतर.

लॅबवाल्यांसाठी थोडक्यात: एखाद्या सेन्सर किंवा कॅमेऱ्याची चाचणी घ्यायची असेल तर माणसाच्या जाणिवेचा हिशोब लागूच नाही, तिथे वॉशआउट बंद करता येतो का आणि दिलेल्या मार्गावर प्लॅटफॉर्म किती अचूक चालतो तेवढं बघायचं.

व्हीआर हेडसेट वापरणार असाल तर प्लॅटफॉर्मची हालचाल वजा करणारं मोशन कॉम्पेन्सेशन चालतंय ना ते तपासा, नाहीतर प्रत्येक टिल्टबरोबर कॉकपिट डोळ्यासमोर सरकतं आणि मळमळ ठरलेली. जागेचंही मोजमाप घ्या, फिरण्याच्या केंद्रापासून डोकं एक मीटर वर असेल तर १० डिग्रीला ते १७ सेंटिमीटर सरकतं, हीव्ह वेगळा, भिंत आणि छत त्यानुसार धरा आणि आणीबाणीचं बटण बसल्या जागी हाताला लागेल असं लावा.

डेमो मिळाला तर तुम्हाला पाठ असलेला ट्रॅक किंवा विमानतळ लावायला सांगा. सगळे इफेक्ट बंद करून फक्त एकेक दिशा चालू ठेवून पाच मिनिटं बसा, मग जोरात ब्रेक मारून शेवटपर्यंत दाबून ठेवा आणि प्लॅटफॉर्म टोकाला आपटतो की मऊ थांबतो ते अंगाने तपासा.